शुक्रवारचं वाचन

"तीन शाळांसाठी जागा ठेवलीय ना, मग तिन्ही नावं लिही," अलकाकाकू म्हणाल्या होत्या. नवरा डॉक्टर, स्वतः इंग्लंडमध्ये, इथेच ब्रॅकनेलला, तीस वर्षं काढलेल्या. "इथे तुझी निष्ठा कोणी बघत नाही गं. घरापासून शाळेच्या दारापर्यंतचं अंतर मोजतात, बस."

कस्तुरीने "हो हो काकू" म्हणत पोह्यांची बशी पुढे केली आणि लेकीच्या, वैभवीच्या, शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर एकच नाव लिहिलं. टेकडीवरची शाळा. निळे कार्डिगन, फाटकाशी चेरीचं झाड. पुण्यात तिच्या आईने मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं होतं, "आम्ही दुसरीकडे फॉर्मच भरलेला नाही," आणि तेवढ्यावर कस्तुरीला प्रवेश मिळाला होता. एम.एस्सी. झाली तरी ते डोक्यातून गेलं नव्हतं.

"दोन रकाने रिकामे आहेत," तिचा नवरा यशोधन म्हणाला.

"असू देत. आपल्याला किती मनापासून हवीय ते कळेल त्यांना."

शाळा ठरवून देणाऱ्या कौन्सिलला काही कळलं नाही. टेकडीजवळ ज्यांना घर परवडतं त्यांची मुलं आधी बसली. वैभवीला मिळाली ती उरलेली शाळा. त्या शाळेचं नाव सांगितलं की इतर आया नुसतं "ओह" म्हणत आणि विषय बदलत. टेकडीच्या वेटिंग लिस्टवर तेवढं नाव राहिलं. रोज बस तिथून जायची आणि कस्तुरी मान वळवून ते निळे कार्डिगन दिसेनासे होईपर्यंत बघायची.

उरलेल्या शाळेत एका टर्ममध्ये तीन शिक्षिका बदलल्या. मुलांचं वाचन ऐकायला माणसं हवीत, अशी चिठ्ठी आली. लेकीवर लक्ष राहील, म्हणून कस्तुरी शुक्रवारी जाऊ लागली. कॉरिडॉरमध्ये कोटांच्या खुंट्यांखाली बुटक्या खुर्चीत बसून एकेकाचं ऐकायचं.

शॅनन तिथेच भेटली. वैभवीची मैत्रीण, आजीकडे, तिच्या 'नॅन'कडे, राहणारी, पाच वर्षांची. दप्तरातलं पुस्तक आठवडाभर उघडलेलंच नसायचं.

"घरी कोण ऐकतं तुझं?"

"नॅनचा चष्मा मोडलाय."

"कधी मोडला?"

"मी लहान होते तेव्हा."

कस्तुरी हसली, मग हसू आवरलं. वाचताना शॅनन ओळीखाली बोट नाही, अंगठा ठेवायची. पान संपलं की विचारायची, "परत वाचू?" बाकी मुलं खेळायला पळायची, ही मात्र पुढच्याचा नंबर लागला तरी खुर्चीला चिकटून बसायची. उन्हाळ्यापर्यंत ती अख्खं पुस्तक वाचू लागली.

आणि मग फोन आला. टेकडीवर एक जागा झालीय, सोमवारपर्यंत सांगा.

"विचार कसला करतेस?" यशोधन म्हणाला. "वर्षभर त्या बसमधून मान मोडून घेतलीस."

वैभवीने विचारलं, "आई, शॅनन पण येते?"

"नाही गं."

"का? तिला पण वाचता येतं."

शॅननचं घर टेकडीपासून त्यांच्याहूनही लांब होतं. हे पाच वर्षांच्या मुलीला कसं समजावायचं? कस्तुरीने सोमवारची वाट न बघता होकार कळवला.

शेवटच्या दिवशी शॅननने विचारलं, "पुढच्या फ्रायडेला?"

"येईन ना."

ती दोन शुक्रवार गेली. तिसऱ्याला वैभवीला ताप होता. टेकडीवर तर वाचन ऐकायला आयांची यादीच होती, कस्तुरीचा नंबर महिन्यातून एकदा. टर्म संपायच्या आत यशोधनचं काम ग्लासगोला गेलं. चौथ्या शुक्रवारी ती खोकी बांधत होती. ज्या शाळेसाठी एवढा जीव टाकला, तिच्या वाट्याला वैभवीचा जेमतेम एक महिना आला.

ग्लासगोहून तिने शॅननची चौकशी करायला तिच्या शाळेला पत्र लिहिलं. उत्तर अगदी सौजन्याचं होतं. मुलांची माहिती बाहेर देता येत नाही. अलकाकाकूंना बघून यायला सांगावं, तर त्या केव्हाच नागपूरला परतल्या.

म्हणून हल्ली ब्रॅकनेलचं कोणीही भेटलं की कस्तुरी एकच गोष्ट सांगते, आणि आज तुम्हालाही सांगतेय. शुक्रवारी सकाळी तासभर मोकळा असेल तर त्या शाळेत जा, वाचन ऐकायला आलेय म्हणा. शॅनन आता सात वर्षांची असेल. अंगठ्यावरून ओळखाल. तिचं कोणी ऐकतं का, तेवढं बघून या.