नकाशावरचा 'सबमर्ज'

मी 'सबमर्ज' बोलतोय. दचकू नका, स्वतःचा आवाज ऐकून मीही दचकतो. इंग्रजी शब्द आहे मी. अर्थ एवढाच, पाण्याखाली जाणे किंवा घालणे. किती काळ, ते माझ्यात कुठंच लिहिलेलं नाही.

मूळ माझं लॅटिन. 'सब' म्हणजे खाली, 'मर्गेरे' म्हणजे बुडवणे. बुडी मारून मासा धरणाऱ्या एका पाखराचं तिथलं नावही त्याच मुळातलं. ते पाखरू वर यायचं. बरे दिवस होते हो ते.

पुढं इंग्रजीत आलो, पुस्तकांतून कोल्हापूरला पोचलो. महाराजांच्या कारकिर्दीत डोंगराकडं एक तलाव व्हायचा होता. कृष्णात नावाच्या तरुण कारकुनानं एका वाडीच्या नकाशावर मला निळ्या शाईनं लिहिलं आणि नकाशा वाडीत नेऊन उलगडला.

"ह्ये निळं काय वो?" नबीलाल पिंजाऱ्यानं विचारलं.

"पाणी येणार हितं."

"मग त्यात मासं बी काढायचं हुतं की, सायेब."

माणसं हसली. नबीलालची बायको फातिमा हसली नाही. "पाणी उतरायचं कवा?"

कृष्णात चाचरला. "भाभी, ते सबमर्ज असतंय." मराठीत सांगायला त्याची जीभ रेटेना. मला पुढं करून त्यानं नकाशा गुंडाळला.

"दसऱ्याला उतरतंय दरसाल," फातिमाच म्हणाली. नदीकाठची माणसं ती. आलेलं पाणी जातं, हे त्यांना जन्मापासून ठाऊक.

वाडी उठली. बैलगाड्या निघाल्या, तरी फातिमा ओढ्यालगत लेकीच्या, शमशादच्या, कबरीवर दगड रचत होती.

"आगं, चल की," नबीलाल म्हणाला.

"थांबा. माती व्हावून गेली तर पोरगी घावायची न्हाय."

दसऱ्याला ती कबर झाडायला खराटा घेऊन आली. पाणी टेकडीला भिडलं होतं. दिवसभर काठावर बसून परत गेली. पुढच्या दसऱ्यालाही आली. नबीलालला आता कळलंय, पण त्याचीही जीभ रेटत नाही. तो लांब झाडाखाली बसून राहतो.

आज ती पुन्हा आली आहे. वाटेनं जाणाऱ्याला विचारते आहे, "पावणं, तिकडल्या अंगाला गुडघाभर तरी उतरलंय का वो?"

मी कागदावरचा, मला तिच्याजवळ बसता येत नाही. तुम्ही बसा. हे पाणी उतरायचं नाही, हे तिच्याच बोलीत सांगा. आणि सांगून लगेच उठू नका.