आगीचा फोन

आपली बायको जोलीन गेल्याचं वेंडेल क्रात्झरला कळलं तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि त्याच्या हातात पाण्याची नळी होती. एप्रिलचा शनिवार होता, कुरणं जाळायचा मोसम. कॅन्ससच्या त्या टेकड्यांवर दर वसंतात जुनं गवत जाळतात, तेव्हा कुठे गुरांना नवं मिळतं. जाळण्याआधी शेरीफच्या कचेरीत फोन करायचा असतो. कोण जाळतंय, कुठे, किती वाजता, किती एकर. एवढा एकच नियम आहे आणि तो तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

वेंडेलनं फोन लावला होता. लागला नाही. वारा मनासारखा पडला होता, त्यामुळे अख्खा जिल्हा त्याच नंबरवर तुटून पडला होता. त्यानं दोनदा लावला, मग खिशात टाकला. पेटवून झाल्यावर करू म्हणाला. शेजारच्या डेन्झिल रूटचा फोन मात्र लागला. आजूबाजूला कोणी जाळतंय का, असं त्यानं रीतसर विचारलं. कोणी नाही, असं उत्तर आलं. चहूकडे धूरच धूर होता, कुठला कोणाचा हे कोण बघतो? त्यानं ओढ्याच्या पलीकडून आपलं कुरण पेटवलं. दोन्ही आगी घळीत भेटल्या. जोलीन घळीत होती, विझलेल्या जागेवर पुन्हा काडी लावायला वाकलेली.

डेन्झिल गाडी हाणत आला, उतरला आणि त्यानं टोपी काढली. "वेंडेल," तो म्हणाला, "जोलीन."  

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. त्याची चौदा वर्षांची लेक ब्रिन ओट्याला टेकून उभी होती. तिच्या केसांना धुराचा वास येत होता. तिनं हळूच विचारलं, "डॅड, तू फोन केला होतास ना?"

"हो," वेंडेल म्हणाला.

बाकी कोणी विचारलं नाही. डेन्झिलला माहीत होतं, पण तो गप्प राहिला. दोघांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही, आणि हे गप्प राहणं म्हणजे डेन्झिलचा मोठेपणा, असं वेंडेल दोन वर्षं मानत आला.

*

मग या मार्चमध्ये शाळेतून फोन आला. ताबडतोब या.

ब्रिन मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. हात पुढे आणि हातात बेड्या. शेजारी रस्टी डेक उभा होता. शाळेत नेमलेला शेरीफचा माणूस. हाच रस्टी गावच्या आगीच्या बंबावर विनापगार काम करायचा, आणि यानंच जोलीनला घळीतून उचलून वर आणलं होतं.

"हे काय आहे, रस्टी?"

"कायदा आहे, वेंडेल. शाळेला धमकी आली की उचलायचंच. माझ्या हातात काही नाही."

"तुझ्याच हातानं घातल्यास ना त्या?"

रस्टी खिडकीबाहेर बघू लागला.

"वर्गातून घेऊन आले मला," ब्रिन म्हणाली. "सगळ्यांसमोर. डॅड, ती गोष्ट आहे. गृहपाठ आहे तो."

आत मुख्याध्यापिका हॉलकम बाईंनी एक कागद टेबलावर ठेवला. शाळेच्या लॅपटॉपवर पोरं जे लिहितात ते एक प्रोग्राम सतत वाचत असतो. त्याला काही संशयास्पद दिसलं की तो तेवढा तुकडा काढून शाळेला आणि शेरीफला एकाच वेळी पाठवतो. कागदावर तो तुकडा होता. नऊ ओळी.

'हॅलो, शेरीफचं ऑफिस ना? मी आग बोलतेय. आधी कळवायचं असतं म्हणून कळवतेय. उद्या दुपारी दोनला येईन. वारा उत्तरेचा असेल तर ओढ्यापासून सुरुवात करेन आणि शाळेच्या कुंपणापर्यंत जाईन. ज्यांना पळता येईल त्यांनी पळावं. ससे पळतात. वाकून काही करत बसलेली माणसं राहतात. लिहून घेतलंत ना? या वेळी कोणी फोनच केला नाही असं व्हायला नको.'

वेंडेलनं ते एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

"बाकीची गोष्ट कुठे आहे?"

"एवढंच आलंय," हॉलकम बाई म्हणाल्या.

"अहो, पण ती पुढे काय लिहिते ते तुम्ही वाचलंत का?"

"ते वाचणं आमच्या प्रक्रियेत येत नाही. वेळ, जागा आणि माणसं मरण्याचा उल्लेख, हे तिन्ही आहे. कायद्याला तेवढं पुरतं."

"ही आग आहे, बाई. आग बोलतेय यात. तुमच्या भावानं गेल्या रविवारी आठशे एकर जाळलं, त्यानंही असाच फोन केला असेल. त्याला नेलं का धरून?"

"वेंडेल, आवाज खाली ठेवा. आम्ही सगळे या कुटुंबाची काळजी करतोय. मुलीला त्रास होतोय हे आधीच दिसायला हवं होतं."

ही काळजी ऐकून वेंडेलच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. तो उठला आणि पोरीला घेऊन घरी आला. बाल न्यायालयाची तारीख जूनमध्ये पडली. तोवर शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, असा लेखी हुकूम मिळाला.

जोलीन गेली तेव्हा तेवीस घरांतून जेवण आलं होतं. नूडल्स आणि कोंबडीच्या पराती ठेवायला फ्रीज पुरला नव्हता. या वेळी कुत्रंही फिरकलं नाही. दुकानात बायका ब्रिनला बघून पोरांचे दंड धरायच्या.

*

शाळेतून काढायचं की नाही, हे शाळा मंडळाच्या सुनावणीत ठरणार होतं. मंडळाचा अध्यक्ष होता डेन्झिल रूट.

आदल्या दिवशी ब्रिननं पलंगाखालून चार पानं काढून बापाला दिली. पहिला, हातानं लिहिलेला मसुदा. लिंडक्विस्ट सरांनी वर्गाला सांगितलं होतं, ज्याला बोलता येत नाही अशा कशाला तरी बोलतं करा. कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी आजीचा दात. ब्रिननं आग घेतली. समासात सरांची हिरवी शाई होती: 'अंगावर काटा आला. थांबू नकोस, पुढे लिही.'

"सरांनी हे सांगितलं त्यांना?" वेंडेलनं विचारलं.

"सर माझ्याशी बोलतच नाहीत. धमकी कळूनही कळवली नाही तर मास्तरची नोकरी जाते म्हणे." तिनं पानांकडे बोट केलं. "तू वाचलीस का पूर्ण?"

"आता वाचतो."

त्यानं गोठ्यात जाऊन वाचली. गोष्टीत आग फोनवर ताटकळत राहते. पलीकडची बाई नाव विचारते, एकर विचारते, सोबत कोण आहे विचारते. आग म्हणते, एक बाई आहे, ती गाणं गुणगुणतेय, तिला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतेय. बाई म्हणते, थांबा, लिहून घेते. आग थांबते. दुपारभर थांबते. शेवटी वारा पडतो आणि बाई घरी जेवायला जाते.

वेंडेल बादलीवर बसला होता. गुरं त्याच्याकडे बघत होती. पोरीनं त्याचं नाव कुठेही घेतलं नव्हतं. त्यानं करायला हवा होता तो फोन तिनं आगीकडून करवून घेतला होता. तिला माहीत होतं. कुठून कळलं आणि कधीपासून, देव जाणे. त्याच्या 'हो'वर तिनं एक दिवसही विश्वास ठेवला नसेल.

त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी हॉलकम बाईंचीही आली नव्हती. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. हे त्यानं मंडळासमोर उघड सांगितलं, तर ती धमकी नव्हे हे आंधळ्यालाही दिसेल. पोरगी शाळेत राहील.

*

सुनावणी शाळेच्या ग्रंथालयात झाली. ब्रिनला आवारबंदी असल्यानं ती रस्त्यापलीकडे ट्रकमध्ये बसून राहिली.

आधी लिंडक्विस्ट सर उठले. "मला सुरुवातीपासून चिंता वाटत होती," ते म्हणाले. वेंडेलनं हिरव्या शाईचा कागद त्यांच्यासमोर धरला. "ही शाई तुमची ना, सर? काटा आला होता तो चिंतेनं?" सरांनी बुटांकडे पाहिलं. शाळेचा वकील मध्ये पडला. कागदपत्रं पाच दिवस आधी द्यावी लागतात, हा कागद घेता येणार नाही. मग त्यानं सर्वांना बरं वाटेल असं एक वाक्य टाकलं. बोलण्याचं स्वातंत्र्य या देशात प्रत्येकाला आहे आणि हे मंडळ त्याचा आदरच करतं, पण. त्या 'पण'नंतर तो बराच वेळ बोलला.

पालकांना तीन मिनिटं होती. चिटणीस बाईंनी स्वयंपाकघरात अंडी उकडायला वापरतात तसलं घड्याळ फिरवून टेबलावर ठेवलं.

वेंडेलला भाषण येत नव्हतं. तो उभा राहिला.

"माझी बायको कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "का गेली ते माहीत नाही. मी फोन केला नव्हता. लाइन लागली नाही, मी सोडून दिलं. कोणी जाळत नाही असं कचेरीनं डेन्झिलला सांगितलं ते माझ्यामुळे. त्याचा दोष नाही. पोरीनं मला विचारलं, मी खोटं बोललो. ही गोष्ट त्या फोनची आहे. त्यात कोणी कोणाला जाळत नाही. आग बिचारी आधी कळवायचा प्रयत्न करते, जे मी केलं नाही. शिक्षा करायची तर मला करा. पण एकदा पूर्ण वाचा. चार पानं आहेत. मी थांबतो."

रस्टी दाराशी उभा होता. त्यानं डोळे पुसले, आणि वेंडेलला वाटलं, जमलं.

घड्याळ किणकिणलं.

"धन्यवाद, मिस्टर क्रात्झर," वकील म्हणाला. "आमची सहानुभूती आहेच. पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हा इथे मुद्दा नाही. शाळेत भीती पसरली का, हा मुद्दा आहे. आणि खरं सांगायचं तर, मुलीचा वडिलांवर राग होता हे तुम्ही आत्ता स्वतःच सांगितलंत. तशी नोंद घ्या."

चिटणीस बाईंनी नोंद घेतली.

चार पानं कोणी मागितली नाहीत. डेन्झिलनं हात वर करायला सांगितलं. सातही हात वर गेले, त्याचा सगळ्यांत आधी. ब्रिनला एक वर्ष शाळा बंद. गोष्टीची प्रत न्यायालयासाठी सीलबंद राहील.

बाहेरच्या बोळात डेन्झिलनं वेंडेलला कोपऱ्यात घेतलं. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता.

"अरे, काय गरज होती चारचौघांत ते उकरायची? आपण मिटवलं होतं ना ते दोघांत?"

"दोघांत? काय मिटवलं होतं?"

"मी तुला सांभाळून घेतलं, वेंडेल. दोन वर्षं. आणि आज तू माझं नाव घेतलंस तिथे."

"दोष नाही असं म्हटलं मी तुझा."

"तरी नाव आलं ना कागदावर."

या माणसाच्या गप्प राहण्याला वेंडेल मोठेपणा समजत होता. शेजारी म्हणून याच्या तेरा गाई त्यानं बर्फातून ओढून काढल्या होत्या. याच्या गाडीच्या मागे अजूनही 'स्वातंत्र्य' असं लिहिलेला झेंडा चिकटवलेला होता. वेंडेल त्याच्या बुटांजवळ थुंकला आणि निघाला. रस्टी दार धरून उभा होता. "वेंडेल, मी काय करणार होतो?" तो म्हणाला. वेंडेलजवळ तेवढीही थुंकी उरली नव्हती.

ब्रिननं ट्रकची काच खाली केली.

"काय झालं?"

"वर्षभर."

"वाचली त्यांनी?"

"नाही."

तो आत येऊन बसला, तिनं काच वर केली. मग म्हणाली, "यापुढे मी काही लिहिणार नाही, डॅड. घाण वाटते."

"असं बोलू नकोस."

"तू काय बोललास आत?"

ज्या सात जणांना घेणं ना देणं, त्यांना त्यानं सगळं सांगितलं होतं. आता विचारणारी शेजारी बसली होती. 

"तीनच मिनिटं दिली होती," तो म्हणाला आणि त्यानं ट्रक सुरू केला.

याला आता पाच आठवडे झाले. न्यायालयाची तारीख नऊ जूनला आहे. वकील मिळाला आहे, बरा वाटतो. ब्रिन घरी बसून टपालानं येणारे धडे सोडवते. कोऱ्या कागदाला हात लावत नाही. वेंडेलनं फोन केला नव्हता हे आता सगळ्या गावाला माहीत आहे, दुकानात, पंपावर, चर्चमध्ये. ब्रिनला त्यानं स्वतःच्या तोंडानं अजून सांगितलेलं नाही.