एका सीटची गाडी

जुनाट गाडी दारात येऊन थांबली आणि घरातली सगळी तोंडं एकदम वाकडी झाली. सासूनं नाक मुरडलं. दिरानं टायरला लाथ मारून, हे भंगार किलोवर आणलंत का वहिनी, असं विचारलं. त्याच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. नवऱ्याच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. शोरूममधली नवी कोरी, काचेच्या छताची गाडी त्यानं पसंत केली होती, मित्रांना फोटोही पाठवून झाले होते. आणि बायकोनं परस्पर आधीची गाडी विकून हे धूड आणलं!

बायको जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत साधी गाडी चढत नाही, म्हणून आधीचीही तिनं स्वतःच्या कमाईतून दणकट बघूनच घेतली होती. पण ती दिसायला देखणी. झालं, सगळ्या घराला पाय फुटले. सासूला बहिणीकडे जायचं, नवऱ्याला साहेबावर छाप पाडायची, दिराला मित्रांना समुद्रावर न्यायचं. किल्ली जागेवर सापडेल तर शपथ.

मागच्या महिन्यात वरच्या वस्तीतून फोन आला, तेव्हा गाडी समुद्रावर होती. भाड्याची गाडी चढावर रुतली. ही चिखल तुडवत पोचली, तोवर गाय पोटातल्या वासरासकट गेली होती. पुन्हा उशीर केलात तर येऊच नका, असं मालकिणीनं तोंडावर सांगितलं आणि तिला गोठ्यात पाऊलही टाकू दिलं नाही. घरी दीर सीटवरची वाळू झटकत होता. एका गाईचं काय घेऊन बसलात, म्हणाला. त्याच आठवड्यात तिनं गुपचूप त्या गाडीला गिऱ्हाईक शोधलं.

आज त्याच मालकिणीचा फोन आला होता. दुसरी गाय अडली होती. बायको घाईघाईनं दोर गाडीत टाकत असताना नवरा तरातरा आला. गोठाबिठा नंतर, आधी हे भंगार परत करू, मी येतो सोबत, म्हणत त्यानं शेजारचं दार उघडलं आणि थबकला. आत सीटच नव्हती. मागेही नव्हती. नुसता पत्रा आणि त्यावर औषधांची पेटी.

"बसायचं कुठं इथं?"

"नाही बसायचं."

"अगं, घरच्या माणसांनी कुठं बसायचं?"

"त्याच सीटा काढून घेतल्यात मी. गॅरेजवाल्याला सांगून, समोर उभी राहून."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. दारामागे सासू आणि दीर कान टवकारून उभे होते, त्यामुळे त्याला आणखीच चेव आला.

"नेलीस ही गाडी, तर परत या दारात आणायची नाही."

तिनं आत बसून इंजिन चालू केलं. मग काच खाली करून त्याच्याकडे पाहिलं.

"गाडी आणायची नाही, की मी यायचं नाही?"

नवऱ्यानं वळून आईकडे पाहिलं. तो विचार करत होता. तिला तेवढं उत्तर पुरलं. तिनं गिअर टाकला.