जमिनीवर बसायची बंदी

आधीच सांगते, यंत्राशी माझं वैर नाही. माझ्या डोळ्यामागचा डाग दवाखान्यातल्या संगणकाने फोटोवरून ओळखला, डॉक्टरांना तो नंतर दिसला. त्या संगणकाचे मी उपकार मानते. माझी सून चाळिशीला आली तरी टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळते. नात्यातल्या बायका नाकं मुरडतात, आणि मी तिच्याकडे गेले की शेजारी बसून 'अगं डावीकडे, डावीकडे घे' करते. तेव्हा म्हातारीला नवं काही सोसत नाही, असं कुणी म्हणू नये. माझा राग आहे तो एकट्या सासूबाईंवर.

सासूबाई म्हणजे माझ्या खोलीत वर कोपऱ्यात बसवलेला कॅमेरा. मी पडले तर त्याला म्हणे आपोआप कळतं आणि खबर थेट मुलाच्या फोनवर जाते. मुलगा दुसऱ्या शहरात. त्याचे वडील गेल्यापासून मी एकटी, म्हणून त्याच्या जिवाला घोर. ते मला कळतं. पण खरी सासू जाऊन जमाना झाला, आणि आता या वयात पुन्हा कुणीतरी माझ्या उठण्याबसण्यावर नजर ठेवायला लागलं, तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही. आणि खरं सांगायचं तर सासूला निदान बसणं आणि पडणं यातला फरक कळत होता.

मी पडदे शिवते. पडद्याचं कापड टेबलावर मावत नाही, ते जमिनीवर अंथरावं लागतं आणि बेतायला खाली बसावं लागतं. मी हळूबाई नाही, बसते ती धपकन. झालं, की वरून सासूबाई विचारणार, तुम्ही पडला आहात का? माझ्या ओठांत टाचण्या. उत्तर काय कपाळ देणार? उत्तर मिळालं नाही की मुलाला फोन. एकदा तर स्ट्रेचर घेऊन दोन तगडी माणसं दारात. मी हातातल्या कात्रीसकट दार उघडलं, तशी ती चटकन मागे सरली. तरी रक्तदाब मोजूनच गेली. तो वाढलेला निघाला. वाढणार नाही तर काय?

महिनाभर हेच चाललं. मी सांगून सांगून थकले, अरे बाबा, मी बसले होते. तो म्हणायचा, आई, मला काळजी वाटू नये म्हणून तू लपवतेस. ज्याला मी बोलायला शिकवलं, त्याला माझ्यापेक्षा त्या कोपऱ्यातल्या डबीचा शब्द खरा वाटत होता. शेवटी त्याने ठरवूनच टाकलं की आईला आता आपल्याकडे न्यायचं. त्याच्या घरी माझ्यासाठी खोली आहे, मोठी खिडकी आहे, सगळं आहे. शिलाई मशीनला जागा नाही. पडदा अंथरायला तर नाहीच नाही. मग मी तिथे दिवसभर करायचं काय, तर आराम. हा शब्द ऐकला की माझं डोकंच फिरतं.

आणि त्याच आठवड्यात मी खरोखर पडले. न्हाणीघरात, साबणावरून पाय सटकला. तिथे सासूबाई नाहीत, तेवढी लाज कंपनीने राखली आहे. कोपर आणि मांडी चांगलीच शेकून निघाली. बराच वेळ तशीच पडून होते, मग नळ धरून कशीबशी उठले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? रडलेसुद्धा. पण कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. काढला असता तर त्याच संध्याकाळी माझं सामान बांधलं गेलं असतं.

रविवारी मुलगा आणि सून आले ते मला न्यायचं पक्कं करूनच. मला पटावं म्हणून कंपनीच्या माणसालाही बोलावून घेतलं होतं. त्याने आल्याआल्या मला 'आजी' म्हटलं. मी त्याला 'बोला, आजोबा' म्हटलं. मग तो सरळ 'मॅडम'वर आला.

त्याने लॅपटॉप उघडला आणि मी महिनाभरात केव्हा केव्हा पडले ते एकेक करून दाखवायला लागला. पहिल्यात मी कापड अंथरते आणि खाली बसते. दुसऱ्यात बसते. तिसऱ्यात बसते आणि नाक खाजवते. सुनेला हसू आवरेना. ती म्हणाली, अहो, हे तर आई बसताहेत, आमच्या गेममध्येसुद्धा गाडी थांबली की धडकली ते कळतं. माणूस चाचरत म्हणाला की यंत्र ज्यांना बघून शिकलं ते बहुतेक खुर्चीत बसणारे असावेत, आणि मॅडमनी खुर्ची वापरली तर सोपं होईल. मी विचारलं, मग पडदा काय मांडीवर कापू?

मुलगा आधी ओशाळला, मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मलाच भरून आलं. "म्हणजे आई, तू एकदाही पडली नाहीस?"

जिंकले होते की मी! 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. सून माझ्या बाजूची, कंपनी खजील, विषय संपला. शब्द अगदी जिभेवर आला, आणि तिथेच मला चीड आली. मी माझ्या घरात राहायचं ते कशाच्या जोरावर, तर यंत्र मठ्ठ आहे म्हणून? उद्या ते शहाणं झालं की माझा हक्क गेला?

"पडले," मी म्हटलं. "मंगळवारी. न्हाणीघरात. तिथे यांचा कॅमेरा नाही."

कंपनीच्या माणसाने हळूच लॅपटॉप मिटला. सून हसायची थांबली. मुलगा उठून उभाच राहिला. म्हणाला, बघ, मी हेच सांगत होतो, आता काही ऐकणार नाही, तू चल.

"नाही येणार," मी म्हटलं. "नळाशेजारी धरायला दांडी बसव, फरशी बदल, काय हवं ते कर. मी नको म्हणणार नाही. पण मी पडते म्हणून माझं घर सुटणार नाही. चालायला शिकताना तू दिवसभर पडायचास. मी तुला पाळण्यात बांधून ठेवलं नव्हतं."

"आणि उठता आलं नाही तर?" त्याचा आवाज फाटला.

"तर मरेन. पण इथे मरेन. आणि तोवर पडदे शिवेन."

मला वाटलं आता हा चिडेल, नाही तर रडेल. तो माझ्याजवळ येऊन बसला, खाली, जमिनीवरच्या अर्ध्या कापलेल्या कापडावर. मी एरवी कुणाला कापडावर बसू देत नाही.

"लागलं कुठे?" त्याने विचारलं.

इतके दिवस मी कशी आहे हे तो फोनला विचारत होता. मला विचारलं ते आत्ता. मी बाही वर सरकवली. कोपर अजून काळंनिळं होतं. त्याने त्यावर बोट टेकवलं.

"दाबू नकोस," मी म्हटलं. "दुखतंय."

त्याने लगेच बोट काढलं. एवढ्या दिवसांत माझा शब्द त्याने खरा मानला तो तेव्हा.