बॉलिंगमधला ऑनर्स

चार वर्षांत कॅसिडी व्होटावा कशातही कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. शेवटी ते कॉम्प्युटरनं म्हटलं. जानेवारीतल्या एका सोमवारी, पदवीला चार महिने उरलेले असताना, स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: ऑनर्सची क्रेडिट्स चोवीस हवीत, तेवीस आहेत.

कॅसिडीनं पान तीनदा उघडबंद केलं. लाल ते लालच राहिलं. तिसऱ्या वर्षी लिस्बनला जाऊन केलेला सेमिनार तीन क्रेडिटांचा होता, तो इथे दोनचाच धरला होता. का? तर तिथले तास इथल्या तासांपेक्षा म्हणे छोटे असतात.

आता ही काही जगबुडी नव्हे, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण कॅसिडी विद्यापीठाच्या लॉरेल सोसायटीची अध्यक्ष होती. लॉरेल सोसायटी म्हणजे ऑनर्सवाल्यांमधले निवडक ऑनर्सवाले. सरासरी चारपैकी तीन पूर्णांक सत्तरच्या खाली गेली की बाहेर. आत घेताना अंधाऱ्या हॉलमध्ये रांगेनं उभं करून लॅटिनमध्ये शपथ देतात. त्या शपथेचा अर्थ देणाऱ्यालाही ठाऊक नसतो आणि घेणाऱ्यालाही. हातात मेणबत्ती असते, तीही सेलवरची, कारण खरी पेटवली तर छतातल्या आगीच्या फवाऱ्यांतून पाणी सुटतं. आणि पदवीच्या दिवशी गळ्यात पितळी पदक. त्या पदकासाठी नेब्रास्काच्या पार पश्चिम टोकाला, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये, कॅसिडीच्या वडिलांनी अक्रोडाच्या लाकडाची पेटी करून ठेवली होती. आत निळी मखमल, मधोमध गोल खाच. खाचेचं माप घ्यायला त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात दोनदा फोन केला होता. गावातलं निम्मं गिऱ्हाईक पेटी बघून गेलं होतं. रिकामी पेटी!

ऑनर्स पूर्ण नसेल तर पदक नाही, म्हणून एक क्रेडिट हवंच होतं. ऑनर्सचे सगळे सेमिनार भरलेले. उरला एकच रस्ता: साधा कोर्स घ्यायचा, मास्तरांशी लेखी करार करायचा, जास्तीचं काहीतरी करून दाखवायचं, की तो कोर्स ऑनर्सचा होतो. आणि एका क्रेडिटचा, जागा शिल्लक असलेला साधा कोर्स सगळ्या विद्यापीठात एकच निघाला. बॉलिंग, प्राथमिक; क्रिकेटमधली नव्हे, लाकडी लेनवरून जड चेंडू घरंगळवून टोकाच्या दहा पिना पाडायची. मंगळवार-गुरुवार, सकाळी दहा, स्टुडंट युनियनच्या इमारतीचं तळघर.

तळघरात पाऊल टाकलं आणि कॅसिडी दारातच थबकली. काउंटरमागे, भाड्याच्या बुटांत फसफस करून जंतुनाशक फवारत, डेसा प्रुइट उभी होती.

डेसा म्हणजे दोन वर्षं एका खोलीत राहिलेली मैत्रीण. गेल्या वसंतात तिची सरासरी तीन पूर्णांक एकोणसत्तरवर आली. तोवर असं होतं, की एखाद्या शतांशाचा फरक असला तर अध्यक्षांनी समजुतीनं सोडून द्यावा, अशी एक ओळ नियमांत होती. कॅसिडीला ती ओळ बोचायची. तिनं ठराव मांडून ती काढली आणि जागी नवी घातली: ‘कोणत्याही कारणास्तव आकडा वर ओढला जाणार नाही.’ पुढच्याच बैठकीत डेसाचं नाव आलं. डेसा भांडली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "मेणबत्ती परत करायची का?"

"हो," कॅसिडी म्हणाली होती, "शुक्रवारपर्यंत."

मेणबत्ती आली नाही. कॅसिडीनं दोन स्मरणपत्रं पाठवली. ‘हरवली’ एवढं एका शब्दाचं उत्तर आलं. डेसानं खोली बदलली आणि बोलणं तिथेच तुटलं.

"साईझ?" डेसानं विचारलं.

"तुला माहितीये माझी साईझ."

"मला काय माहीत? मी तीन पूर्णांक एकोणसत्तरवाली. आठवण कच्ची असते आमची." तिनं लाल-पिवळे बूट काउंटरवर आपटले. "साडेसात. नाड्या परत करायच्या असतात, शुक्रवारपर्यंत."

कॅसिडीनं बूट उचलले आणि खाली मान घालून नाड्या बांधल्या. 

बॉलिंग शिकवायला होते लायल हॅनेमन. वय सत्तर, गुडघे दोन्ही बदललेले. सगळे त्यांना कोच म्हणत. करार, ऑनर्स, जास्तीचं काम हे सगळं कॅसिडीनं त्यांना सविस्तर समजावलं. त्यांनी चिप्सचं पाकीट संपवत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला जास्त बॉलिंग खेळायचंय?"

"म्हणजे काहीतरी सखोल. मी पेपर लिहू शकते. घर्षण आणि चेंडूची फिरकी यावर."

"लिही की. मी अडवलंय का?"

आठवड्याभरात तिनं बावीस पानं लिहिली, अठ्ठेचाळीस संदर्भांसकट. कोचनी ती हातावर तोलून पाहिली, चौथ्या लेनजवळच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि टेबल हलवून बघितलं.

"वा! इतकी वर्षं हलत होतं हे." मग ते तिच्याकडे वळले. "हे बघ व्होटावा, चेंडू काही वाचत नाही. करारात लिही, आधीपेक्षा बरी खेळेन. मी सही करतो."

आता इथे कुणाही शहाण्या माणसानं कागद पुढे करून सही घेतली असती आणि वर दोन चिप्स मागून खाल्ल्या असत्या. पण ऑनर्सच्या पोरांना नेमकं हेच जमत नाही. त्यांना आकडा लागतो.

"बरी म्हणजे किती?" कॅसिडीनं विचारलं. "मोजायचं कसं?"

"बरी म्हणजे बरी. मला दिसेल ना."

"तसं चालत नाही, कोच. ठोस हवं."

मग तिनं स्वतःच ठोस केलं. पहिल्या डावात तिचे एकसष्ट झाले होते, त्यातही निम्मे चेंडू कडेच्या खाचेत. तरी तिनं लिहिलं: शेवटच्या वर्गात, एकाच डावात, किमान एकशे तीस. गुणांचा कागद लेनच्या कर्मचाऱ्यानं साक्षांकित केलेला. आणि हाताला वळणच पडलेलं असल्यामुळे सोसायटीच्या नियमावलीतून उचलून शेवटी चिकटवलं: कोणत्याही कारणास्तव आकडा वर ओढला जाणार नाही. कोचनी न वाचता सही ठोकली. ऑनर्सच्या संचालिका डॉ. स्पॅल्डिंग यांनी वाचून ठोकली.

फेब्रुवारी गेला. एकसष्टचे चौऱ्याहत्तर झाले, चौऱ्याहत्तरचे पुन्हा अडुसष्ट. कॅसिडी वर्ग संपल्यावरही दुपारभर चौथ्या लेनवर चेंडू फेकत बसायची. तिला वही काढून प्रत्येक फेकीचा कोन लिहिताना बघून शेजारच्या लेनवरची पोरं खिदळायची. डेसा काउंटरवरून बघायची आणि बूट फवारायची.

मार्चमध्ये एका दुपारी डेसाला ते बघवेना. ती तरातरा आली.

"अगं बाई, तू पिनांकडे काय बघतेस? त्या काय पळून जाताहेत?"

"मग कुठे बघू?"

"खाली. लेनवर बाण काढलेत ते शोभेला नाहीत. उजवीकडून दुसरा. त्याच्यावरून चेंडू ने आणि पुढचं सोडून दे."

"पुढचं सोडून कसं द्यायचं?"

"तेच तर तुला शिकवायला पाहिजे," डेसा म्हणाली. "वही दे इकडे."

वही तिनं काउंटरच्या आत, हरवलेल्या मोज्यांच्या खोक्यात टाकली. त्या दिवशी कॅसिडीचे त्र्याण्णव झाले. दुसऱ्या आठवड्यात एकशे सहा. डेसा रोज येऊन शिव्या घालायची, खांदा सरळ करायची, पुन्हा शिव्या घालायची. गेल्या वसंताबद्दल दोघीही चकार शब्द काढत नव्हत्या. माफी कॅसिडीच्या जिभेवर यायची आणि तिथेच अडायची. तिला माफीसुद्धा मुद्देसूद मांडायची होती.

शेवटचा वर्ग एप्रिलच्या अखेरीला. चौथ्या लेनचा स्क्रीन बंद पडला होता, म्हणून डेसा कागद-पेन्सिल घेऊन गुण लिहायला बसली. वर्गातली पोरं आपापले डाव सोडून मागे गोळा झाली. आदल्या दिवशीच डॅडचा फोन आला होता. पेटीला पितळी बिजागरी बसवली होती आणि पदवीला ते ती घेऊनच येणार होते. 

डावातल्या दहापैकी नऊ फ्रेम, म्हणजे पाळ्या, झाल्या तेव्हा तिचे एकशे एकोणीस होते. दहावीत दोन चेंडूंत दहाही पिना पाडायच्या. तसं झालं की एक चेंडू जास्तीचा मिळतो, त्यात एक पिन पडली तरी एकशे तीस. पहिला चेंडू बाणावरून अगदी सरळ गेला. सात पडल्या. दुसरा चेंडू गेला. दोन पडल्या. उजव्या कोपऱ्यातली एक पिन डगमगली, दारुड्यासारखी डोलली आणि स्थिर उभी राहिली.

एकशे अठ्ठावीस.

 कोच छताकडे बघत म्हणाले, "एकसष्टवरून इथवर! मला विचाराल तर ऑनर्स झाला," आणि शिटी वाजवत आपल्या खोलीत गेले. डेसानं खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, घडी घातली आणि कॅसिडीच्या हातात कोंबली.

"जा वर. ऑफिस जेवायला बंद होईल."

जिन्यात कॅसिडीनं घडी उघडली. ठसठशीत अक्षरात एकशे तीस. ती उलट्या पावली खाली आली.

"डेसा, हे काय आहे?"

"आकडा आहे. चार वर्षं शिकलीस ना?"

"पण—"

"बॉलिंग आहे गं ते! दोन पिना! कोण मरतंय का? तुझ्या बापानं पेटी करून ठेवलीये, मला ठाऊक नाही का? मापाचा पहिला फोन मीच घेतला होता, तेव्हा मी होते सोसायटीत. भला माणूस आहे. जा आता, नाहीतर हा बूट मारेन."

कॅसिडी गेली. खोटं कशाला सांगू, तिला तो कागद हवा होता. तीन जिने चढताना तिनं मनातल्या मनात पदक गळ्यात घालूनही पाहिलं. डॉ. स्पॅल्डिंग यांनी कागद घेतला, हसल्या, शिक्का शाईत बुडवला. आणि कॅसिडीच्या डोळ्यांपुढे काय यावं, तर बैठकीच्या खोलीत उभी राहून ‘मेणबत्ती परत करायची का’ विचारणारी डेसा. कॅसिडीला स्वतःची अशी लाज वाटली, की तिनं संचालिकाबाईंचं मनगटच धरलं.

"मॅडम, ते एकशे अठ्ठावीस आहेत. आकडा मी वाढवायला लावला. लिहिणारीचा दोष नाही."

 डॉ. स्पॅल्डिंग यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"कॅसिडी, अगं मी सोडून दिलं असतं. दोन पिना! मला आनंदानं सोडता आलं असतं. पण करारात तू सोसायटीचा नियम चिकटवलायस. तिथे आधी समजुतीची ओळ होती ना, तिचं काय झालं?"

"काढली."

"कुणी?"

"मी," कॅसिडी म्हणाली.

शिक्का पुन्हा डबीत गेला आणि कागद कॅसिडीच्या हातात.

खाली आल्यावर डेसानं सगळं ऐकलं आणि खरोखरच बूट फेकून मारला. "गाढव! अस्सल, ऑनर्सची गाढव! मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं आणि तू वर जाऊन खरं बोललीस?"

"तुला काढायला नको होतं," कॅसिडी म्हणाली. मुद्दे नाहीत, प्रस्तावना नाही, नुसतं रडं. "शतांशासाठी. आणि वर त्या मेणबत्तीसाठी दोन पत्रं. मी फार वाईट वागले डेसा."

"हो, वागलीस," डेसा म्हणाली. तिनं बूट उचलून आणला, आत फवारा मारला आणि जागेवर ठेवला. "तीन पत्रं होती. एक माझ्या आईच्या पत्त्यावर आलं होतं." मग तिनं चुकीचा कागद टरकावला, नवा घेतला आणि एकशे अठ्ठावीस लिहून दिला. "घे. खरा हवा होता ना?"

मेमध्ये पदवीदान झालं. लॉरेलवाल्यांच्या रांगेत पदकं खणखणत होती. कॅसिडी मोकळ्या गळ्यानं मागे, डेसाच्या शेजारी बसली होती. समारंभ संपला तसे तिचे डॅड इस्त्रीच्या शर्टात, पेटी काखेत घेऊन, गर्दीतून वाट काढत आले. तिनं फोनवर सगळं सांगितलं होतं. तरी पेटी आणलीच होती.

"घरी ठेवून काय करू?" ते म्हणाले. "बिजागरी दाखवायची होती."

पेटी उघडली. निळी मखमल, मधोमध गोल खाच. तिघंही त्या खाचेकडे बघत उभी राहिली. 

डेसानं गाऊनच्या आत हात घातला आणि बोटभर उंचीची, प्लॅस्टिकची, सेलवरची मेणबत्ती काढली.

"तू तर म्हणालीस हरवली!"

"तुला बरी देईन! चार तास लॅटिन पाठ केलं होतं मी हिच्यासाठी." तिनं मेणबत्ती खाचेत उभी केली. "सोसायटीला कळवायचं असेल तर कळव. शुक्रवारपर्यंत."

मेणबत्ती खाचेत जरा सैल बसली. डॅडनी तिला अंगठ्यानं हलवून पाहिलं, गॅरेजमध्ये नट हलवून बघतात तशी. "काहीतरी पाचर पाहिजे," ते म्हणाले. कॅसिडीनं खिशातून गुणांचा कागद काढला. त्यांनी तो चार घड्या घालून बाजूला ठोसला. मेणबत्ती घट्ट बसली. मग त्यांनी खालचं बटण दाबलं. काही झालं नाही.

"सेल गेलाय," डॅड म्हणाले. "गाडीत आहे दुसरा. चला गं पोरींनो, बसवून टाकू."