तागडीतलं बाळ

सतरा किलो

मोडीचा व्यापारी बसप्पा पितळेचं पोतं उचलायला वाकला आणि शिवयोगीनं पोत्यात हात घातला.

एकोणऐंशी सालचा डिसेंबर होता. मधल्या मारुतीजवळच्या शंकरप्पाच्या भांड्यांच्या दुकानात फळ्यांवर सगळीकडं स्टील चमकत होतं. ज्या पितळेनं बापजाद्यांचं घर चालवलं, ती कोपऱ्यात पोत्यांत भरून मोडीत निघाली होती. लोकांना आता घासून चमकवावं लागणार नाही असं भांडं हवं होतं. शंकरप्पालाही ते कळत होतं, पण कळणं वेगळं आणि पोतं शिवताना सुतळी हातात अडणं वेगळं.

"आप्पा, हे पोरगं काय काढतंय बघा की," बसप्पा म्हणाला.

शिवयोगीनं पोत्यातून एक बोंडलं काढलं. बाळाला दूध पाजायचं, चोच असलेलं इवलंसं भांडं. मग दुसरं. मग तिसरं. एकूण सात निघाली. सहा वर्षांचा, शाळेच्या काट्यावर सतरा किलो भरलेला शिवयोगी त्यातल्या एकाच्या चोचीला तोंड लावून शिट्टी फुंकू लागला. वारा निघाला, थुंकी निघाली, शिट्टी काही निघाली नाही. तरी तो हसला. तो हसला की त्याचे तिरपे बारीक डोळे पुरते मिटून जात.

बसप्पा चहाची बशी तोंडाला लावणार, तेवढ्यात शिवयोगी उठला, त्याच्यापाशी गेला, आणि अंगठा त्याच्या एका गालावर, बोट दुसऱ्या गालावर, मधलं बोट हनुवटीखाली असं धरून उभा राहिला.

"आता पी," तो म्हणाला.

"हे काय रं बाबा?"

"प्या तसंच," शंकरप्पा म्हणाला. "सोडायचा नाही तो. कुणीही काही पिताना दिसलं की असंच धरतो."

बसप्पानं बशीतला चहा अंगावर सांडत, लाजत संपवला. शंकरप्पा मात्र त्या सात बोंडल्यांकडं बघत राहिला.


दोन किलो चारशे

त्र्याहत्तर साली घटस्थापनेला शिवयोगी झाला. शंकरप्पाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला आणि पाठोपाठ हा रडला. रडला म्हणजे काय, मांजराचं पिलू पाटाखाली अडकल्यासारखा आवाज केला.

अंगानं लोण्यासारखा मऊ. उचलला की हात एकीकडं, मान एकीकडं. जीभ ओठाबाहेर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचे तळवे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "अशा मुलांना मंगोल म्हणतात. जन्माचंच आहे, ह्याला औषध नाही. पण औषध नाही म्हणजे मूल नाही असं नव्हे. दूध पोटात जाऊ द्या. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तीन किलो झाला तर धोका टळला म्हणेन मी."

"आणि नाही झाला तर?" शंकरप्पानं विचारलं.

"तर इथं आणून नाकातून नळी घालू. पण छातीत दूध गेलं तर माझ्या हातात काही राहत नाही."

चन्नम्मा, म्हणजे शिवयोगीची आई, त्याला पदराखाली घ्यायची. बाळाला ओढताच येत नव्हतं. छातीशी धरलं की दोन वेळा ओठ हलवून झोपी जायचा. ती वाटीत दूध काढायची, आणि वाटीतलं त्याच्या पोटात कसं जायचं, एवढाच प्रश्न त्या घरात उरला.


दोन किलो तीनशे पन्नास

प्रश्न भांड्याचा आहे, असं शंकरप्पाला वाटलं. भांडीवाल्याला दुसरं काय वाटणार?

घरातलं बोंडलं रुंद चोचीचं होतं, म्हणून त्यानं दुकानातलं अरुंद चोचीचं आणलं. ते फार जोरात ओतलं जातं म्हणून तांबटाकडून बगळ्यासारख्या चोचीचं करून घेतलं. मग चांदीचं. मग जर्मनचं. अक्कलकोटच्या मावशीनं तिच्या सासूच्या वेळचं पाठवलं, त्याला पुढं झाकण होतं. काचेची बाटली आणली, तिच्या रबरी बोंडाला शिवयोगीनं जिभेनं बाहेर ढकलून दिलं.

दर रविवारी तो दुकानाची मोठी तागडी घरी आणी. पितळ वजनावर विकायची ती. एका पारड्यात दुपट्यासकट शिवयोगी, दुसऱ्यात वजनं. दुपट्याचं वजन वेगळं वजा.

"जित्या पोराला तागडीत घालतोस? तपेलं हाय व्हय ते?" काशम्मा ओरडायची. काशम्मा त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, घरातली, भावकीतली नऊ पोरं तिच्या पायावर वाढलेली.

पायावर म्हणजे खरोखरच पायावर. पाय लांब सोडून बसायचं, बाळाला नडग्यांवर उताणं आडवं करायचं, नाक चिमटीत धरायचं. तोंड उघडलं की बोंडलं ओतायचं. पोर रडतं, ओरडतं, पण गिळतं. नऊच्या नऊ जगली होती. शिवयोगी गिळत नव्हता. ठसकायचा, निळा पडायचा, दूध नाकातून यायचं.

"दूध घट्ट हाय," काशम्मा म्हणायची.

"चोच वाकडी आहे," शंकरप्पा म्हणायचा.

चन्नम्मा पदरानं बाळाचं नाक पुसायची.


दोन किलो तीनशे


दोन किलो तीनशे (वजनं बदलून पाहिली. तेवढंच.)

मार्गशीर्षात शहराजवळच्या बाळे गावच्या खंडोबाची जत्रा भरली तेव्हा धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरते तळ, शहराच्या अंगाला येऊन उतरले. शिवबाई त्यांतलीच. तिच्या पितळी कळशीच्या बुडाला भोक पडलं होतं, कथलाचा डाग देऊन ते बुजवून घ्यायला ती शंकरप्पाच्या दुकानात आली. काखेत कळशी, खांद्यावर घोंगडं, आणि घोंगड्यात एक कोकरू, नुसते कान बाहेर.

शंकरप्पा गल्ल्यावर बसून नव्या, सातव्या बोंडल्यात पाणी भरत होता आणि मान वर करून स्वतःच्या जिभेवर थेंब थेंब पाडून बघत होता. पाणी गळ्यात गेलं, तो ठसकला, डोळ्यांत पाणी आलं.

शिवबाई हसली. "मालक, तान लागलीया का?"

"बाळासाठी बघतोय," शंकरप्पा ओशाळून म्हणाला. "पाजता येत नाही. जीभ बाहेर टाकतं."

"मान धरतंय का?"

"नाही."

"आन् पाजताना मान कुटं असती?"

"खाली. मागं. पायावर घालून पाजतात ना."

"मंग तुमी बी आत्ता मान मागंच टाकली व्हती की. ठसकला का न्हाय? तुमी एवढं दांडगं ठसकला, मंग त्ये लेकरू काय करंल?" तिनं घोंगडं थोडं उघडलं. "ह्याची आई मेली परवा. ह्यो बी असाच, मेनावानी मऊ. दूध बी वढत नव्हता. आता बघा, माजंच बोट खायाला बघतोय. भांडं काय बघताय मालक, तोंड बघा की आदी."

आजवर इतकी गिऱ्हाइकं आली, पण भांडं काय बघताय असं शंकरप्पाला कुणी म्हटलं नव्हतं.


तागडी कोपऱ्यात

"धनगरीण?" काशम्मा म्हणाली.

"अक्का, तिला येतं ते."

"मेंढरांचं येतंय. आपल्या पोराच्या गळ्यात लिंग बांधलंय शंकऱ्या. ती काय खाती, त्या बोटानं काय काय करती, आणि त्येच बोट ह्याच्या तोंडात?"

"नऊ पोरं तू वाढवलीस. हे दहावं तुला गिळवता आलं का?"

असं तो काशम्माला जन्मात बोलला नव्हता. ती पाटावरनं उठली नाही. तिथूनच म्हणाली, "परड्यात बसून दाखवंल म्हणावं. आत येऊ नको. आपल्या पोराला आपण धरू."

तर असं ठरलं. दुसऱ्या दिवशी शिवबाई मागच्या परड्यात दगडी पायरीवर बसली, मांडीवर कोकरू घेऊन. उंबऱ्याच्या आत चन्नम्मा बसली, मांडीवर शिवयोगीला घेऊन. मध्ये उंबरा. शंकरप्पा सात बोंडली पाटावर मांडून उभा, जणू गिऱ्हाइकाला दाखवायला.

"कंचं देऊ?"

"कंचं बी द्या."

त्याला ते लागलं. त्यानं चांदीचं पुढं केलं, तिनं हात लांब करून सगळ्यांत जुनं, पोचा पडलेलं, घरचंच उचललं.

"हं, बघ लेकी. उताणं न्हाय घालायचं. असं बशीव. डोकं तुज्या कोपराच्या खळीत. हनुवटी छातीकडं. आता अंगठा हितं, ह्ये बोट हितं, आन् मधलं खालनं. जबडा ढिला हाय त्येचा, तूच त्येचा जबडा हायेस."

कोकराच्या तोंडात तिनं दुधात बुडवलेलं बोट घातलं. कोकरू चोखू लागलं, शेपूट हलवू लागलं. चन्नम्मानं तसंच केलं. शिवयोगीनं जीभ बाहेर टाकली. दूध ओघळलं.

पुन्हा. ठसका.

पुन्हा. ठसका, आणि ह्या वेळी ओठांच्या कडा निळ्या.

चन्नम्मानं बाळाला उभं धरून त्याची पाठ चोळली. शिवबाईनं जिभेनं टाळू वाजवला, मेंढरं वळवताना वाजवतात तसा. "हात दिसतुया तुला, दाब दिसत न्हाय. त्यो लांबनं कसा दावू मी?"

कोकराचं चोखणं तेवढं ऐकू येत होतं. चन्नम्मानं काशम्माकडं बघितलं. शंकरप्पानंही बघितलं. काशम्मा शिवयोगीच्या ओठांकडं बघत होती.

"कोडु," ती कानडीत म्हणाली. दे.

चन्नम्मा उठली, उंबरा ओलांडला आणि बाळ पुढं केलं.

"थांब!" काशम्मा आत गेली आणि तांब्या घेऊन आली. "आदी हात धुवा म्हणावं. गरम पाण्यानं."

"धुती की," शिवबाई म्हणाली. "पन कोकरू कोन धरंल?"

शिवबाईनं बोंडलं शंकरप्पाच्या हातात दिलं होतं. चन्नम्माच्या हातात बाळ होतं. मोकळे हात एकट्या काशम्माचेच. सोवळ्यातली काशम्मा पायरीवर बसली, तोंड भिंतीकडं करून, आणि तिच्या मांडीवर कोकरू ठेवलं गेलं.

शिवबाईनं करंगळी शिवयोगीच्या तोंडात घातली. घाई नाही. जिभेच्या मध्यावर हलकेच दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. बाहेरची जीभ आत गेली. मग तिनं चन्नम्माचा हात स्वतःच्या हाताखाली घेतला आणि दोघींनी मिळून ते गाल धरले. "कळला दाब? भाकरी थापताना कड दाबती ना, तेवडाच." बोंडल्यातून चार थेंब. मग थांबली. "आता वाट बघायची. घोट उतरल्याबिगर दुसरा न्हाय. दिस मावळला तरी न्हाय."

शिवयोगीच्या गळ्यावर काहीतरी हललं. अगदी बारीक.

गुटुक्.

"उतरला," शिवबाई म्हणाली.

तेवढ्यात काशम्मा किंचाळली. कोकरानं तिच्या मांडीवर मुतलं होतं. चन्नम्मा हसली. नवरात्रापासून पहिल्यांदा. शंकरप्पाला पुढं कधी तो दिवस आठवला की आधी ते हसणं ऐकू यायचं, घोट नंतर.


दोन किलो चारशे पन्नास, दोन किलो सहाशे, दोन किलो सातशे पन्नास

गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की शिवबाई यायची. दुसऱ्या आठवड्यात ती उंबऱ्याच्या आत बसू लागली, कुणी कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात काशम्मानं तिला हुरड्याबरोबरची चटणी बांधून दिली आणि वर म्हणाली, "मीठ कमी हाय म्हणू नकोस." पाजायला एक घटका लागायची, कधी दोन. चन्नम्माचे हात शिकले, मग शंकरप्पाचे, आणि एके दुपारी, कुणी बघत नाही असं समजून, काशम्माचे. शिवयोगी बसून पीत होता आणि ती त्याला कानडीत सांगत होती, "सावकाश रे राजा, कुठं जायचंय तुला."


तीन किलो पन्नास

गड्ड्याच्या जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आदल्या दिवशी शंकरप्पानं तीन किलोची वजनं टाकली. शिवयोगीचं पारडं खाली राहिलं. त्यानं पन्नास ग्रॅमचं वजन टाकलं. काटा मधोमध उभा राहिला. त्यानं तो हात लावून बघितला, कुठं अडकलाय का म्हणून.

"बस झालं," काशम्मा म्हणाली. "ह्या घरात आता ही तागडी येणार न्हाय. शाळेत घालतील तवा तितं करतील वजन."

जत्रा पांगली तसे मेंढपाळ वेळापूरच्या अंगाला निघाले. कळशीचा डाग शंकरप्पानं स्वतः बसून दिला होता. शिवबाईनं पाणी भरून, उलटी करून, बोट फिरवून पाहिली. "गळत न्हाय," ती म्हणाली, आणि गेली. पुढं तीन हिवाळे ती येऊन शिवयोगीचे गाल ओढून गेली. चौथ्या हिवाळ्यात वाडा आला, त्यात ती नव्हती. तिचा दीर धुळा म्हणाला, माळशिरसाकडं लेकीपाशी राहिलीय, डोळ्यांनी दिसत नाही आता. मग वाडाही दुसऱ्या वाटेनं जाऊ लागला.


पुन्हा सतरा किलो

"आप्पा, टाकू का ही?" बसप्पानं विचारलं.

शंकरप्पानं पोचा पडलेलं बोंडलं शिवयोगीच्या हातून सोडवून घेतलं आणि गल्ल्याशेजारी ठेवलं. बाकीची सहा त्यानं एकेक करून पोत्यात टाकली. चांदीचंही जाणार होतं, बसप्पानंच प्रामाणिकपणे परत दिलं.

पोतं गेलं. दुकान एकदम मोठं दिसू लागलं. स्टीलच्या ताटांत शिवयोगी स्वतःची वीस तोंडं बघत होता.

संध्याकाळच्या भोंग्याला एक तरुण पायरीपाशी आला. सायकल भिंतीला लावली, घाम पुसला. "बाळाला पाजायचं बोंडलं आहे का? अरुंद चोचीचं? आमचं पोरगं घेतच नाही. जरा... मऊ आहे ते. हसतं तेव्हा..." त्याची नजर शिवयोगीवर गेली, आणि पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं.

शंकरप्पाचा हात सवयीनं वरच्या फळीकडं गेला होता. तिथं स्टीलची नवीन बोंडली होती, तीन मापांची. तो हात तसाच वर राहिला, मग खाली आला.

"कसं धरता पाजताना?" त्यानं विचारलं.

"पायावर. आई माझी पाजते. पाच पोरं वाढवलीत तिनं."

"असू दे. बाळाला घेऊन या. आईला पण आणा, त्यांना सोडून येऊ नका. भांडं नंतर बघू."

तरुण गोंधळून उभा राहिला. शिवयोगीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तो काही पीत नसतानासुद्धा, चवड्यांवर उभं राहून, त्याच्या हनुवटीखाली बोट लावलं.

शंकरप्पानं दुकानामागच्या घराच्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "चन्नम्मा, उद्या सकाळी माणसं येतील गं. बाळ आहे."

आतून काशम्माचाच आवाज आला, आता चिरका झालेला. "येऊ देत. आदी हात धुवा म्हणावं. गरम पाण्यानं."