एक्केचाळीस चुकीचे शब्द

ती यादी माझ्याच अक्षरात होती, हे आधीच सांगून टाकते. या फुसाए बाईंनी, म्हणजे मी, सगळं खापर त्या पोरावर फोडलं, असं मागाहून कुणी म्हणायला नको.

ते पोर म्हणजे ओगाता. फेब्रुवारीत जपानहून आला, तेव्हा आमच्या वसाहतीच्या सभागृहाचे पत्रे उन्हाने कडकडत होते. वय असेल सव्वीस. दोन वर्षं ब्राझीलमधल्या जपानी मुलांना शिकवायचं, असं त्याला पाठवणाऱ्यांनी ठरवलेलं. मी गेली एकतीस वर्षं तेच करते, पण मला कुणी पाठवलेलं नाही. मी इथेच होते.

पहिली ते चौथीची पोरं दर शनिवारी सकाळी माझ्याकडे येतात. घरी पोर्तुगीज, शाळेत पोर्तुगीज, फुटबॉलच्या मैदानावर तर विचारूच नका. त्या तीन तासांत मी त्यांच्याकडून जपानी अक्षरं गिरवून घेते. चपला दाराकडे टोकं करून ठेवायला आणि जेवणाआधी हात जोडायला शिकवते. जपान मी पाहिलेला नाही. माझी भाषा आजीकडून आली आणि आजीची भाषा कुमामोतोच्या एका खेड्यातली, तीही ती बोटीत चढली त्या दिवसापर्यंतचीच.

ओगाताच्या पहिल्याच तासाला एका पोराने हात वर केला. "सर, बेंजोला जाऊ?"

ओगाता कानापर्यंत लाल झाला. "असं नाही म्हणायचं. तोइरे म्हणायचं."

"का? तिथे वेगळं काही करतात का?"

वर्ग खिदळला. मीही हसले, कशाला खोटं बोलू. बेंजो म्हणजे साधा संडास. आता जपानात म्हणे कुणी तसं म्हणत नाही, टॉयलेटचं तोइरे केलंय. मग त्याला एकेक सापडतच गेलं. चमच्याला आम्ही साजी म्हणतो, ते चूक, सुपून म्हणायचं. वहीला चोमेन म्हणतो, ते चूक, नोओतो म्हणायचं.

"अहो ओगाता, हे तर इंग्रजी शब्द!"

"होते, बाई. आता तेच जपानी आहेत."

"म्हणजे इंग्रजांचा चमचा तुम्ही उसना आणलात, जिभेला झेपेना म्हणून त्याचा सुपून केलात, आणि आमचा घरचा चमचा चुकीचा?"

तो कमरेत वाकला. भांडणाच्या ऐन भरात समोरच्याने वाकून नमस्कार केला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

असे एक्केचाळीस शब्द झाले. त्यांची यादी करून भिंतीवर लावायचं ठरलं. ओगाताचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून सभागृहाचे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, तुमचं वळणदार आहे, तुम्हीच लिहा." डावीकडे 'चुकीचं', उजवीकडे 'बरोबर', असं मी लिहिलं. मुलांनी ते उतरवून घरी नेलं. नवं आहे, चार दिवस कौतुक होईल आणि मग विसरतील, असं मला वाटलं होतं.

जुलैच्या सुट्टीनंतर चिझुरु इकेमोरी मधल्या सुट्टीत एकटीच पायरीवर बसलेली दिसली. आठ वर्षांची पोरगी, एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही. डब्यातला भात तसाच.

"काय गं, पोट दुखतंय?"

"नाही बाई. पणजोबा माझ्याशी बोलत नाहीत."

"रागावलेत?"

"रागावले असते तर ओरडले असते ना? ते जेवताना म्हणाले, साजी दे. मी म्हटलं, साजी चुकीचं आहे, वर्गात यादी लावलीय. तर म्हणाले, बघू. मी वही दिली. त्यांनी सगळी वाचली. बोट ठेवून ठेवून वाचली. मग वही मिटली आणि तेव्हापासून नुसतं 'ता बों' म्हणतात."

ता बों म्हणजे बरं, ठीक. पोर्तुगीजमधले तेवढे दोन शब्द गेन्पाचि इकेमोरींना धड येतात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. सहाव्या वर्षी बोटीतून आले ते कॉफीच्या मळ्यातच वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इथे जपानी शिकवायला बंदी होती, पुस्तकं जप्त होत. तेव्हा या माणसाने मळ्याच्या मातीत काडीने अक्षरं गिरवली आणि आपली वही डब्यात घालून झाडाखाली पुरली. पोलिसांना जी भाषा त्याच्या तोंडून काढता आली नाही, ती मी वळणदार अक्षरात काढून घेतली होती.

त्याच दिवशी त्यांच्या घरी गेले. म्हातारा पडवीत शेंगा सोलत बसला होता.

"इकेमोरी काका, ती यादी मूर्खपणाची आहे. मीच लिहिलीय, म्हणून मीच सांगते."

त्यांनी मान हलवली. "ता बों."

"पोरगी जेवेना झालीय."

हातातल्या शेंगेची टरफलं बाजूला टाकून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, पोरगी हुशार हाय. माझ्यासंगं बोलून तिची जीभ बिघडाया नको." एवढंच बोलले, आणि तेही ती घरात नाही हे बघून.

सोमवारी मी सभागृह उघडायला लावलं आणि भिंतीवरून यादी काढली. ओगाता धावत आला.

"बाई, सप्टेंबरात कथाकथनाची स्पर्धा आहे! साओ पावलोहून परीक्षक येतायत. जुन्या शब्दांचे गुण कापतात ते. मुलांचं नुकसान होईल."

"झालंय नुकसान. तुमच्या आणि माझ्या हातून झालंय. आता गुण कापायचे तर खुशाल कापू देत."

"पण भाषा बदलते, बाई."

"बदलू दे की. तुमची तिकडे बदलली, आमची इथे राहिली. राहिली म्हणून ती चुकीची होत नाही. आणि माझा वर्ग काढून घ्यायचा असेल तर अध्यक्षांना सांगा, खडू टेबलावर ठेवलाय."

तो यावेळी वाकला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करते. पण अध्यक्षांचा निरोप आला, की स्पर्धा नीट पार पडू द्या, वर्गाचं मग बघू.

मी चिझुरुला बसवलं. "पणजोबांची बोटीची गोष्ट सांगशील?"

"ती मला पाठ आहे. शंभरदा ऐकलीय."

"मग त्यांच्याच शब्दांत सांगायची. साजी तर साजी, चोमेन तर चोमेन. ते समोर बसून ऐकतील. ऐकलं की बोलतील."

"आणि नाही बोलले तर?"

"बोलतील गं," म्हणत मी फळा पुसायला घेतला. तिने मात्र त्यानंतर माझ्यासमोर तालीम करायला साफ नकार दिला.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मागे आयांनी पास्तेल, म्हणजे इथल्या खाऱ्या करंज्या, तळायला घेतलेले, त्यामुळे पडद्यालाही तेलाचा वास. नियम वाचून दाखवले. तीन मिनिटं, मग घंटा. खालून कुणी एक शब्द सांगितला तरी मूल बाद. इकेमोरी काका दुसऱ्या रांगेत, हातात काठी, अंगावर लग्नाकार्याचा कोट. मी त्यांच्या मागेच बसले.

चिझुरु उभी राहिली, नमस्कार केला, सुरुवात केली. बोट, कोबेचं बंदर, सहा वर्षांचा मुलगा. "आणि बोटीवर तो लाकडी सुपूनने पेज खायचा."

मला वाटलं, घाबरून चुकली. पुढच्याच वाक्यात तोइरे आला. मग फोटोच्या यंत्राला कामेरा. एकेक करून भिंतीवरून काढलेली सगळी यादी तिच्या तोंडून बाहेर पडायला लागली, अगदी स्वच्छ उच्चारात. पलीकडे ओगाताचा चेहरा उजळला. आठ वर्षांच्या पोरीला बक्षीस हवंसं वाटलं तर तिचा काय दोष, असं मी मनाला समजावत होते आणि मन काही ऐकत नव्हतं.

"मग बंदीच्या काळात," चिझुरु सावकाश म्हणाली, सरळ दुसऱ्या रांगेकडे बघत, "त्याने आपला नोओतो पुरला."

काठी जमिनीवर आपटली.

"न्हाई!" म्हातारा उभा राहिला. "नोओतो न्हवं! चोमेन! चोमेन पुरलं म्या! आन् सुपून कसलं गं, आँ? साजी हुती ती! माझ्या आयेनं खोक्याच्या फळीतनं कोरलेली साजी!"

परीक्षकबाईंनी घंटा वाजवली. "खालून मदत झाली आहे. नियमानुसार ही स्पर्धक बाद."

चिझुरु जागची हलली नाही. रडलीही नाही. तिने माइक दोन्ही हातांनी धरला.

"हो पणजोबा, चुकलं माझं. तुम्ही सांगा ना. पहिल्यापासून."

तेव्हा मला कळलं. पोरीने पणजोबांचा स्वभाव माझ्यापेक्षा नीट ओळखला होता. बरोबर बोललेलं ऐकून ते गप्प बसले असते. त्यांचीच गोष्ट त्यांच्यासमोर कुणी चुकीची सांगतंय, हे काही त्यांना सोसवणार नव्हतं. आणि त्यासाठी तिने बक्षीस डोळ्यांदेखत सोडून दिलं होतं. मला इतका अभिमान वाटला, की मी मोठ्याने रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

म्हातारा बोलायला लागला. खेड्यातल्या, मोडक्या, एक्केचाळीस चुकांच्या भाषेत, थेट कोबेच्या धक्क्यापासून. परीक्षकबाई घंटा वाजवत राहिल्या. मी डोळे पुसले, उठले, त्यांच्या टेबलाशी गेले, त्यांच्या हातातून घंटा काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली.

"अहो बाई," त्या म्हणाल्या, "हे नियमात बसत नाही."

"मग उभं राहू दे," मी म्हटलं.

इकेमोरी काका तेव्हा जेमतेम सिंगापूरला पोचले होते. पुढे दोन महासागर बाकी होते.